वाट राखणार कोण?

वसई-विरारच्या पश्चिमेला समुद्र आहे, किल्ला आहे, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या आहेत. पाहुणा आला की आपण त्याला तिकडे नेतो. पूर्वेला रेल्वेरूळ ओलांडले, गोखिवरे-सातिवलीचे गाळे मागे टाकले आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग पार केला की डोंगर सुरू होतो. विरार लोकलच्या पूर्वेकडच्या दारात उभं राहणाऱ्याला तो रोज दिसतो आणि बहुतेकांच्या बाबतीत ओळख तिथेच संपते. या डोंगराला गॅझेटियरपासून गुराख्यापर्यंत सगळे तुंगार म्हणतात. उंची दोन हजार फुटांहून किंचित जास्त. दक्षिणेला कामणदुर्ग आणि चिंचोटीचा धबधबा, पूर्वेला उतरलं की वज्रेश्वरी-गणेशपुरी, उत्तरेला पारोळ-भाताण्याची गावं आणि तानसा नदी. मधल्या ८५ चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक जंगलाला २००३ मध्ये तुंगारेश्वर अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं.

रविवारी पहाटे, महामार्गावर ट्रेलरांची रांग तुटलेली नसतानाच, तुंगारेश्वर फाट्यावर जाड टायरच्या सायकली जमू लागतात. कुणी वसईतूनच आलेला असतो, कुणी ठाण्याहून घोडबंदर आणि वर्सोवा पूल ओलांडून, कुणी लोकलच्या मालडब्यात सायकल घालून. चहा होतो, टायरमधली थोडी हवा सोडली जाते आणि मंडळी डोंगराकडे वळतात. मुंबई परिसरात माउंटन बायकिंग करणाऱ्यांच्या तोंडी येऊर, नागला ब्लॉक आणि तुंगारेश्वर ही तीन नावं सतत असतात. तिन्हींत लांब आणि दमवणारी चढण तुंगारेश्वरची.

फाटा ते माथा

फाट्यापासून तुंगारेश्वराचं मंदिर तीन-साडेतीन किलोमीटर आहे. हा टप्पा तसा सोपा. रस्ता ओढ्याला पुन्हा पुन्हा आडवा जातो. उन्हाळ्यात तिथे गोटेच असतात, पावसाळ्यात गुडघाभर पाणी. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला या रस्त्यावर माणसांचा पूर येतो, त्या दिवशी सायकल घेऊन इकडे फिरकू नये हे जाणत्यांना ठाऊक असतं.

खरा डोंगर मंदिराच्या मागे उभा राहतो. फाट्यापासून माथ्यापर्यंतचं एकूण अंतर दहा-अकरा किलोमीटर, त्यातला बराचसा भाग खडा चढ. रस्ता जीपच्या रुंदीचा, मुरमाचा, सुट्या दगडांनी भरलेला. पुढची सगळ्यात छोटी चकती, मागची सगळ्यात मोठी, पायडल भराभर फिरतात आणि सायकल चालत्या माणसाइतकीच पुढे सरकते. वजन पुढे टाकलं तर मागचं चाक मुरमावर गरगरतं, मागे टाकलं तर पुढचं उचलतं. शेवटी बरेचजण उतरतात आणि ढकलू लागतात. मोळी घेऊन उतरणाऱ्या मावश्या अशा वेळी हमखास विचारतात, "ढकलतच न्यायची होती तर आणली कशाला?" याला अजून कुठल्याही सायकलवाल्याला उत्तर सापडलेलं नाही.

ऋतूप्रमाणे वाट बदलते. ऑक्टोबरात गवत कंबरेएवढं असतं आणि वाटेच्या कडा दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारी हा सुगीचा काळ: माती घट्ट, हवा कोरडी. फेब्रुवारीपासून सागाची पानं गळतात, त्यांच्या थराखाली दगड आहे की खड्डा हे चाक पोचल्यावरच कळतं. एप्रिल-मेमध्ये करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर होतात, त्यांचे काटे ट्यूबमध्ये शिरतात आणि टायरमध्ये सीलंट नसलेल्यांचा दिवस पंक्चर काढण्यात जातो. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं. चिंचोटी-तुंगारेश्वरच्या ओढ्यांत बुडून दर काही वर्षांनी माणसं जातात, म्हणून पावसाळ्यात प्रशासन इथे मनाई हुकूम काढतं. त्याला बगल देऊन वर जाण्यात मर्दुमकी नाही. शोधायला मात्र पायथ्याच्या गावातलीच पोरं रात्री दोर घेऊन निघतात.

ही वाट केली कुणी?

सायकलवाले तिला ट्रेल म्हणतात, पण ती सायकलवाल्यांनी केलेली नाही. आख्यायिका परशुरामापासून सुरू होते: शूर्पारक, म्हणजे आजचं सोपारा, ही त्याची भूमी आणि तुंगारावर त्याचं तप झालं. डोंगरावर परशुराम कुंड आहे. सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उघडा केला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच परिसरात मिळाला. एवढ्या जुन्या बंदराच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर वाटा नसत्या तरच नवल. पोर्तुगीज काळात वसईत जहाजं बांधली जात, त्यांना लागणारं लाकूड आसपासच्या रानांतून येई. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं, ते या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याशी.

पुढे वनखातं आलं. वणवा अडवायला जाळरेषा काढल्या गेल्या, गस्तीसाठी जीपचे रस्ते झाले. वारली, मल्हार कोळी, कातकरी यांच्या पायवाटा त्याआधीपासून होत्याच आणि आजही आहेत: सरपणाच्या, मोहफुलांच्या, पहिल्या पावसानंतर शेवळं आणि काकडं शोधायच्या. वसई-विरारच्या बाजारात पावसाळ्यात रानभाज्यांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची सकाळ यातल्याच एखाद्या वाटेवर सुरू झालेली असते.

आणि माथ्यावर बालयोगी सदानंद महाराजांचा आश्रम होता. त्याच्याकडे जाणाऱ्या भक्तांच्या गाड्यांनीही वरचा रस्ता वाहता ठेवला होता. पण अभयारण्याच्या आतलं बांधकाम म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते हटवण्याचा आदेश झाला आणि ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस मोठ्या पोलीस बंदोबस्तात आश्रम पाडला गेला. भक्तांना दुःख झालं, पर्यावरणवाद्यांना न्याय मिळाल्याचं समाधान. ज्या वाटेनं वर्षानुवर्षं माणसं वर जात होती तिचं आता काय, हा प्रश्न मात्र त्या वादात कुणी विचारला नाही.

डोंगरावर वाटेचा मालक बदलत राहतो. वापरणारेही बदलतात. सांभाळणारा मात्र दर वेळी वेगळा शोधावा लागतो, आणि सायकलवाल्यांची पाळी आली आहे ती इथे.

उसन्या रस्त्यावरचा खेळ

हा खेळ जन्मलाच उसन्या रस्त्यावर. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुटू लागले. रस्ता होता वणवा विझवायला जाणाऱ्या बंबांसाठी काढलेला. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत सुरू केली, तिचं नाव 'रिपॅक'. मागच्या चाकातला ब्रेक उतरताना इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. त्या टोळक्यातल्या जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधली, गॅरी फिशर आणि चार्ली केलीनं १९७९ मध्ये अशा सायकली विकायला सुरुवात केली. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पोचला.

आपल्याकडे 'एमटीबी' ही अक्षरं १९९० च्या दशकात सायकलच्या दांडीवर छापून आली. हर्क्युलिसची एमटीबी, हीरोची रेंजर. जाड टायर आणि आडवं हँडल एवढंच तिचं डोंगराशी नातं. ती शाळेच्या पटांगणापलीकडे क्वचितच गेली. पुढे गिअर, पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आले आणि डोंगर आवाक्यात आला. संगमनेरच्या प्रणिता सोमणनं या प्रकारात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळातल्या पोनमुडीत झाली. पोनमुडीत स्पर्धेसाठी ठरवून मार्ग तयार केला होता. मुंबई-ठाणे-वसईच्या पोरांकडे असा ठरवून केलेला मार्ग नाही, म्हणून ते उसन्या रस्त्यांवर सराव करतात. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. या शहराला मोठं मोकळं रान उरलंय ते एकच, आणि ते अभयारण्य आहे. पेच इथे आहे.

पाणी वाट खातं

वाट बिघडते ती पाण्यानं. माणूस आणि चाक फक्त पाण्याला निमित्त देतात. वसईच्या डोंगरावर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उताराच्या सरळ रेषेत खाली गेलेली वाट पहिल्या पावसात पन्हळ होते, तिसऱ्या पावसाळ्यात ओढा. मुरूम वाहून जातो, खालचा काळा कातळ आणि सुटे दगड वर येतात. मग सायकलवाला ते दगड टाळायला कडेच्या गवतावरून जातो. मागचा ब्रेक आवळून चाक घसरवत उतरला तर मातीत चर पडतो, पुढच्या पावसाला तयार नाली मिळते. पाच फुटांची वाट अशी पंधरा फुटांची होते. त्या दहा फुटांत कारवीची रोपं असतात. ती साधारण आठ वर्षांत एकदा फुलून मरतात, म्हणजे आज चिरडलेल्या झुडपाचं बी पडायची वेळ कधी येणारच नाही.

वाहून गेलेली माती कुठे जाते, हेही वसईकरानं पाहावं. डोंगराच्या पायथ्याशी पेल्हार आणि उसगाव ही धरणं आहेत. सूर्या योजनेचं पाणी आलं तरी शहराच्या पाण्यात त्यांचा जुना वाटा आहे. डोंगराची माती धरणात साचली की नळाचं पाणी कमी होतं. एका सायकलच्या चाकानं धरण भरत नाही हे खरं, पण उघड्या पडलेल्या प्रत्येक वाटेचा हिशेब शेवटी तिथेच लागतो.

चांगली वाट कशी असावी, याचं शास्त्र आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेनं १९८८ पासून जमवत आणलं. ते चार नियमांत सांगता येतं. वाट डोंगराच्या कुशीनं आडवी न्यावी. तिचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत असावा आणि डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. तिला दरीच्या बाजूला किंचित कल द्यावा, म्हणजे पाणी वाटेवर न साचता पसरून उतरेल. आणि ठरावीक अंतरावर वाट थोडी खाली घेऊन पुन्हा वर चढवावी, म्हणजे तरीही वाटेवर आलेलं पाणी त्या खोलगटातून बाहेर पडेल.

महाराष्ट्रातल्या पाणलोटवाल्याला यात नवीन काहीच वाटणार नाही. राळेगणसिद्धीपासून हिवरे बाजारापर्यंत गावोगावच्या लोकांनी डोंगरावर सलग समतल चर खणले ते याच हिशेबानं. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं. इंग्रजी पुस्तकं वाचून वाट बांधणाऱ्या शहरी पोरानं आधी पारोळच्या एखाद्या शेतकऱ्याला बांध कसा घालतात ते विचारलं तर त्याचे दोन पावसाळे वाचतील.

आजोबांचा रस्ता

तुंगारवर माणसाखेरीज आणखी एक वाटसरू आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढला गेला, त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेजच्या रानात सोडलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी त्याचा माग ठेवत होते. आजोबा असं नाव पडलेला हा बिबट्या रस्ते, रेल्वे, वस्त्या ओलांडत, वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्याजवळून, खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास त्यानं कुणाच्या अंगावर न जाता केला. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो मेला. सुजय डहाके यांचा २०१४ चा 'आजोबा' हा चित्रपट याच बिबट्यावर आहे.

तानसा, तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान हे एकाच रानाचे तुकडे आहेत आणि प्राणी तसेच ते वापरतात, हे त्याच्या चालीनं सिद्ध झालं. मधून आता महामार्ग जातो, दिवा-वसई रेल्वे जाते, भोवती नवे महामार्ग आणि बुलेट ट्रेनची कामं आहेत. एप्रिल २०२४ मध्ये वसई किल्ल्यात मुक्काम ठोकलेला बिबट्या अखेर पिंजऱ्यात सापडला, तेव्हा शहर महिनाभर घाबरलेलं होतं. रानाची वाट अरुंद झाली की प्राणी आपल्या वाटेवर येतात.

सायकलचा धोका इथे वेगळ्या प्रकारचा आहे. पायी चालणाऱ्याची चाहूल लागते, मोटरसायकलचा आवाज लांबून येतो. उतारावरची सायकल वेगात असते आणि तिचा आवाज होत नाही. वळणावर प्राण्याला आणि सायकलवाल्याला एकमेकांचा पत्ता एकाच क्षणी लागतो. म्हणून पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळनंतर डोक्याला दिवा बांधून जंगलात उतरण्याची जी टूम आहे, ती तुंगारसारख्या रानात साफ बंद हवी. बिबट्याच्या फिरण्याची हीच वेळ असते. दिवसाही आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. त्यात कुणाची इज्जत जात नाही.

परवानगी कसली मागायची?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात कुणालाही असंच शिरता येत नाही. कामावरचा सरकारी नोकर, तिथे राहण्याची मुभा असलेला, आत जमिनीचा हक्क असलेला आणि सार्वजनिक हमरस्त्यानं जाणारा यांना सूट आहे. बाकीच्यांना परवाना लागतो आणि तो कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी मिळतो. म्हणजे सायकलस्वाराला दार बंद नाही, पण ते उघडून घ्यावं लागतं. चौकीवरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालून किंवा मागच्या पाड्यातून आत शिरून ते उघडत नाही.

सायकलवाल्यांच्या गप्पांत बहुधा राहून जातं ते कलम २९. अभयारण्यातल्या वन्यजीवांच्या अधिवासाला धक्का लावायचा नाही, इतकंच ते सांगत नाही. आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह वळवणं, थांबवणं किंवा वाढवणं यालाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. म्हणजे वाट वाचवायला कुदळीनं कडेला चर मारला तरी, हेतू कितीही चांगला असो, परवाना हवा. हौसेनं फळ्या-दगड लावून उडी मारायचे उंचवटे करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

इतरांनी हा पेच कसा सोडवला? मरीनमध्ये, खेळाच्या जन्मभूमीत, पायवाटांवर चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांची भांडणं दशकानुदशकं चालली. त्यातून सायकली मुख्यतः रुंद बंबरस्त्यांवर ठेवल्या गेल्या आणि वेगाला मर्यादा आली: ताशी सुमारे २४ किलोमीटर, आंधळ्या वळणावर ८. वेल्समध्ये कोएड-य-ब्रेनिन इथे १९९० च्या दशकात खुद्द वनखात्याच्या रानात सायकलींसाठी वेगळ्या वाटा बांधल्या गेल्या आणि त्या ब्रिटनभर नमुना ठरल्या. पण ते लागवडीचं रान होतं, लाकडासाठी वाढवलेलं. तो नमुना उचलून अभयारण्यात लावता येणार नाही. आपल्याला जवळचा धडा साताऱ्याच्या कासचा आहे. गर्दीनं फुलं तुडवली जाऊ लागली तेव्हा आसपासच्या गावांची वन व्यवस्थापन समिती पुढे आली, शुल्क ठरलं, रोजच्या माणसांवर मर्यादा आली आणि गावातल्या पोरांना हंगामात काम मिळालं. कासबद्दल तक्रारी आहेतच. पण पठाराची जबाबदारी कुणाची, हे तिथे विचारावं लागत नाही.

तुंगारसाठी असाच हिशेब मांडता येईल. मंदिरापर्यंतचा रस्ता भाविकांचा, तिथे सायकलनं पायी चालणाऱ्याच्या मागून जावं आणि सणाच्या दिवशी जाऊच नये. मंदिराच्या वरचा जीपरस्ता नोव्हेंबर ते मे, दिवसाउजेडी, ठरावीक संख्येला, पायथ्याच्या पाड्यातला वाटाड्या बरोबर घेऊन खुला व्हावा. वाटाड्याची मजुरी सायकलवाल्यांच्या शुल्कातून द्यावी. पाच हजारांचा ब्रेक लावणाऱ्याला तेवढं परवडतं. जुन्या पायवाटा सायकलींना बंद, नवी वाट एकही नाही. ज्यांना उड्या, वळणं, शर्यत हवी त्यांच्यासाठी अभयारण्याच्या बाहेर, पायथ्याच्या ओसाड जमिनीवर नियमानं बांधलेला मार्ग व्हावा. मॅरेथॉन भरवणाऱ्या महापालिकेला ही कल्पना अवघड जाऊ नये, आणि पुढची प्रणिता तिथूनच तयार होईल.

हे सगळं मागायला शिष्टमंडळ नेणं सोपं आहे. निवेदन, फोटो, आश्वासन. माझ्या मते वसईच्या सायकलवाल्यांनी पहिला अर्ज फिरायच्या परवानगीसाठी करूच नये. तो कलम २९ चा असावा: वरच्या रस्त्याच्या अमुक टप्प्यावर, वनखात्याच्या देखरेखीखाली, पाड्यावरच्या जाणत्यांच्या सल्ल्यानं, पावसाआधी मुरूम अडवायचे आणि पाणी कडेला काढायचे काम आम्हाला करू द्या, मजूर आम्ही, घमेली आमची. एक मे महिना असा गेला की वनरक्षक त्यांना चेहऱ्यानं ओळखेल. जून-जुलैत वाट टिकली की नाही ते पाऊसच सांगेल, आणि पुढच्या नोव्हेंबरात चौकीवर सायकल घेऊन आलेल्या माणसाशी बोलणं वेगळ्या सुरात सुरू होईल. सर्वसाधारण समज असा की आधी हक्क मिळतो, मग जबाबदारी येते. तुंगारच्या उतारावर तो क्रम उलटाच लावावा लागेल, कारण या वाटेवर हक्क सांगणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती.